बाबांच्या नावाची शेगडी

२९ मे, मंगळवार

मिराबेला,

तुझी शेगडी पोचली. एवढं एकच वाक्य लिहून पत्र बंद करणार होते. पण पार्सलं नेणाऱ्या गाव्रीलची गाडी तुझ्याकडे इटलीला निघते गुरुवारी आणि आज आहे मंगळवार, म्हणजे राग काढायला माझ्याकडे सवड आहे.

आई फोन का उचलत नाही, असं तू गाव्रीलकडे विचारलंस म्हणे. फोनवर तू रडतेस. तू रडलीस की मी तुझी समजूत काढत बसते आणि मला जे सुनावायचं असतं ते राहून जातं. कागदावर तसं होत नाही. आता मुकाट्यानं वाच.

बाबांच्या मातीला सगळा गाव होता. वरच्या आळीची ती बहिरी आन्कासुद्धा काठी टेकत आली. पेटी घराबाहेर काढताना लोक माझ्याकडे बघत नव्हते, फाटकाकडे बघत होते. तू येतेस का ते बघत होते. मीही तिकडेच बघत होते, आणि हे लिहायची मला लाज वाटत नाही. लाज तुला वाटायला हवी.

'मी मेलो तरी येऊ नकोस' असं बाबा म्हणाले होते, ठाऊक आहे. मी तिथंच उभी होते, हातात मक्याच्या पिठाची परात होती. तू नवऱ्याला सोडून परदेशी निघालीस, त्यांना गावात तोंड दाखवायची चोरी झाली, आणि रागात बोलून गेले. पण मला एक सांग, त्यांचं जन्मभरात तू काय ऐकलंस? झाडावर चढू नको म्हटलं, चढलीस. त्याच्याशी लग्न करू नको म्हटलं, केलंस. मग त्याला सोडू नको म्हटलं, तेही केलंस. आणि ऐकून ऐकून ऐकलंस ते हे एकच?

आता शेगडी. तालुक्याच्या दुकानातून ट्रक आला तो बाबांच्या चाळिसाव्या दिवसाच्या आदल्या दुपारी. पांढरी, चार बर्नरची, खाली ओव्हन, अंगावर प्लास्टिक. बरोबर भरलेला सिलेंडर, नळी आणि काचेच्या झाकणांच्या पातेल्यांचा संच. गावात आजवर कुणी मेलेल्या माणसाच्या नावानं एवढी मोठी पोमाना दिली नव्हती. लोक मडकी भरून द्यायचे, टॉवेल द्यायचे, फार तर खुर्ची. बायका म्हणाल्या, दोम्निकाच्या मुलीनं बापाला, तोआदेरला, तिकडं अख्खं स्वयंपाकघर पाठवलं. मी मान डोलावली. मनात म्हटलं, स्वतः आली असती तर बापाला ते जास्त आवडलं असतं.

दिली सावेताला. पलीकडच्या घरातली, नवरा जंगलतोडीला गेला आणि तिकडेच दुसरीबरोबर राहिला, ती. एक खोली, एक पोरगी, इलिंका, तीन वर्षांची. घरात चूल सोडून काही नव्हतं, म्हणून तिला. फाटकावरून दिली, शेगडीला मेणबत्ती लावून, वर गोल पाव आणि गाठ मारलेला टॉवेल ठेवून. तिनं हात लावला, 'बोग्दाप्रोस्ते', देव त्यांना क्षमा करो, म्हणाली, म्हणजे बाबांना पोचली. नियमाप्रमाणे आम्ही प्लास्टिकसुद्धा फाडलं नव्हतं. आधी आपण पेटवून बघितली असती तर बाबांना तिकडं वापरलेली मिळाली असती.

त्या पातेल्यांचं मात्र काय सांगू तुला. तळ इतका पातळ की बोटानं दाबला तर दबतो. फोनवर बसून असलीच खरेदी होणार. तुझे बाबा आता अनंतकाळ करपलेलं खाणार आहेत, आणि करपलेलं त्यांना मुळीच चालत नव्हतं.

मी बरी आहे. जेवते. अंगणातल्या चुलीवर करते, उन्हाळ्यात बाहेर बरं वाटतं.

तुझी आई


२० जुलै, सेंट इलियेचा दिवस

मिराबेला,

तुझी शेगडी काळा धूर ओकते.

सावेता सांगत नव्हती. पोमानाला नावं ठेवायची नसतात, म्हणून गप्प होती बिचारी. मी सणाचं म्हणून तिच्याकडे मध द्यायला गेले तर कुंपणावर पातेली पालथी घातलेली, बाहेरून कोळशासारखी काळी. विचारलं, हे काय गं. म्हणाली, नवीन शेगडी अशीच असते ना काकू, बसेल हळूहळू.

मी आत जाऊन बघितलं. ज्योत बर्नरवर बसतच नाही, वीतभर उंच उठते, पिवळी, टोकाला धूर, आणि फुरफुरते. बारीक करायला गेलं तर फट् करून विझते आणि गॅस वास मारत राहतो. पातेल्याचे कान तापून लालबुंद. इलिंका तिथंच खाली खेळत होती आणि एका पातेल्याचा दांडा तिच्या डोक्यावर बाहेर आलेला. तो मी आत वळवला. सावेताला सांगितलं, दांडा नेहमी भिंतीकडे. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, जन्म चुलीवर गेला.

त्याहून वाईट पुढे. ती मक्याच्या पिठाची मामालिगा करायला तिची बिडाची कढई त्या शेगडीवर ठेवते. गोल बुडाची कढई, सपाट जाळीवर. ढवळायला लागली की कढई डुलते. मागच्या आठवड्यात कलंडली आणि उकळती मामालिगा जमिनीवर सांडली, पोरीच्या पायापासून हातभर लांब. आपल्या कढईला बाबांनी लोखंडी कडं करून दिलं होतं आठवतं? जाळीवर कडं, कड्यात कढई, मग दोन्ही हातांनी ढवळ. मला तेव्हा ते नखरे वाटले होते. गॅस आला तसा त्यांनी पहिल्या आठवड्यात ट्रॅक्टर-शेडमधून पट्टी वाकवून आणली होती. म्हणाले, गोल बुड आणि सपाट शेगडी यांचं जमत नाही, मध्ये कुणीतरी लागतं.

मी सावेताला म्हटलं, गॅसवर सपाट जाड बुडाचं पातेलं घे, कढई चुलीवरच कर. तर म्हणाली, "काकू, चूल पेटवली तर तोआदेरकाकांना वाटेल त्यांची शेगडी आम्हाला आवडली नाही."

आता बोल काय बोलायचं.

शेगडी दुरुस्त करायला मी हात लावू शकत नाही. दिलेली वस्तू परत उघडायची म्हणजे बाबांच्या हातून काढून घ्यायची. तिच्या घरात येशूच्या तसबिरीमागे तिनं शेगडीबरोबर आलेला सगळा कचरासुद्धा जपून ठेवलाय, पोमाना म्हणून. परदेशी भाषेतली पुस्तिका, आणि एक छोटी प्लास्टिकची पिशवी, आत पितळेचे बारीक स्क्रू. कशाचे ते ना तिला माहीत ना मला.

तू फोनवर निवडलीस ना? मग तूच सांग काय निवडलंस ते. दुकानदार तर म्हणतो, शेगडी उत्तम आहे, बाईंना पेटवता येत नसेल.

इथं पाऊस झाला, अंगणातली चूल भिजली. दोन दिवस पाव-कांदा खाल्ला. मला पाव-कांदा आवडतो.

आई


१६ सप्टेंबर

मिराबेला,

तुझं पत्र गाव्रीलनं दिलं. बरोबर कॉफी आणि लोकरीचे मोजे. मोजे बरे आहेत.

पत्रात मी बाबांची एक ओळ शोधली. नोझलबद्दल दीड पान आहे, बाबांबद्दल काही नाही. पाच वर्षं तिकडं म्हाताऱ्या बायकांना भरवतेस, त्यांची पातेली घासतेस, तिथल्या गॅसवाल्याकडून सगळं शिकलीस, छान केलंस. मी वाचून काढलं. त्या पितळी वस्तू म्हणजे स्क्रू नव्हेतच, नोझल आहेत, असं लिहितेस. शेगडी कारखान्यातून येते ती शहरातल्या पाइपच्या गॅससाठी बसवलेली. सिलेंडरचा गॅस जोरात येतो, त्याला बारीक भोकाची नोझल लागतात, ती पिशवीत वेगळी देतात, आणि ती न बदलता पेटवली की ज्योत पिवळी, उंच आणि काळी होते. आणि अशी ज्योत बंद खोलीत जीव घेते, असंही लिहितेस, त्याखाली दोन रेघा मारून.

म्हणजे दुकानदारानं तुला विचारायला हवं होतं की गावात गॅस पाइपानं येतो की सिलेंडरनं. आणि तू त्याला सांगायला हवं होतंस. आणि आम्ही देण्याआधी पेटवून बघितली असती तर कळलं असतं. दोष वाटायचाच झाला तर सगळ्यांना पुरेल एवढा आहे, पण सगळ्यात मोठा घास तुझा.

पुढे तू मला भांडी शिकवतेस. म्हणे पातेल्याचा तळ बर्नरपेक्षा थोडा मोठा असावा, पण दोन बर्नरवर एक मोठं पातेलं पसरून ठेवू नये, खाली उष्णता कोंडते आणि नळी तापते. म्हणे पातळ अॅल्युमिनियममध्ये टोमॅटो शिजवू नयेत. म्हणे मातीचं भांडं थेट ज्योतीवर ठेवलं की तडकतं, खाली पत्रा ठेवावा. अगं, मी मातीच्या भांड्यात कोबीच्या पानांचं सारमाले करत होते तेव्हा तुला दात आले नव्हते. नळीचं मात्र मला माहीत नव्हतं, की तिच्यावर साल छापलेलं असतं आणि मुदत संपली की बदलायची. ते बरं केलंस सांगितलंस.

काडी आधी आणि गॅस नंतर, हेही तू लिहिलंयस. ते मला तुझ्याहून जास्त माहीत आहे. आपल्या घरात पहिली शेगडी आली तेव्हा मी ओव्हनचा गॅस सोडला आणि मग काड्यापेटी शोधत बसले. भुवया गेल्या दोन्ही. रविवारी चर्चला जायचं होतं, तर बाबांनी जळक्या बुचानं माझ्या भुवया काढून दिल्या, एक वर एक खाली. मला कळलं ते पाद्रीबाबा हसल्यावर. तेव्हापासून आपल्या घरात गॅस तेच पेटवायचे. चाळीस वर्षं रोज सकाळी. मी फक्त शिजवायचं.

तर आता महत्त्वाचं. मी पाद्रीबाबांना विचारलं. ते म्हणाले, पोमानाच्या वस्तूला ज्यानं दिली त्यानंच हात लावायचा. दुसऱ्या कुणी लावला तर दान मोडतं. पैसे तुझे, म्हणजे देणारी तू. म्हणजे ती नोझल तुझ्याच हातानं बदलायची. दीड पान लिहून पाठवून चालायचं नाही. ये आणि बदल. सातचा पाना लागतो असं लिहिलंयस, तो बाबांच्या पेटीत आहे.

आम्ही हिवाळ्यासाठी वांगी आणि मिरच्या भाजल्या. मी अंगणात चुलीवर, सावेतानं तिच्या शेगडीवर पत्रा ठेवून. तिच्या वांग्यांना धुराचा नाही, काजळीचा वास होता. बरण्या भरल्या तिनं तशाच. इलिंकाला ती चव आवडते म्हणाली. पोरीला दुसरी चव माहीत कुठं आहे.

आई


२ नोव्हेंबर

मिराबेला,

गाव्रीलनं तोंडी निरोप दिला. तू सांभाळतेस त्या म्हातारीचं कंबरेचं हाड मोडलंय, तिची मुलं सुट्टी देत नाहीत, ईस्टरनंतर बघू.

त्या म्हातारीला मुलं आहेत आणि ती तिला सोडून जात नाहीत, हे ऐकून बरं वाटलं. अशीही मुलं असतात म्हणायची.

इथं थंडी पडली. सावेतानं खिडक्या बंद केल्या, फटीत चिंध्या कोंबल्या, वरून पिठाची खळ लावून कागदाच्या पट्ट्या. सगळेच करतात, मीही केलं. पण तिनं त्या शेगडीच्या बर्नरवर आख्खी वीट ठेवली आहे. वीट तापते, खोली तापते, लाकडं वाचतात. मागच्या राजवटीत शहरात आपण सगळे असंच करायचो, आठवत असेल तुला, मावशीकडे गॅसवर तापवलेली वीट आणि ती कुशीत घेऊन झोपायचीस तू. तेव्हा शेगड्या निळ्या जळायच्या आणि खिडक्या फुटक्या होत्या. आता पिवळी ज्योत, वर वीट, आणि खोलीत वाऱ्याला यायला भोक नाही.

मी तिला सांगितलं. तुझं दीड पान वाचून दाखवलं. मान डोलावली आणि विटेकडे बघत राहिली. तिचं डोकं दुखतंय हल्ली, सकाळी उठली की जड असतं, बाहेर पडली की बरं वाटतं. इलिंकाला मळमळतं. सावेता म्हणते नजर लागली, एवढी मोठी पोमाना मिळाली म्हणून गावातल्या बायकांची. पाण्यात विझवलेले कोळसे टाकून पाहिले तर कोळसे बुडाले म्हणे, म्हणजे नजरच. मी म्हटलं खिडकी उघड. ती म्हणाली, "काकू, उघडली तर पोरगी गारठून मरेल."

मी काय करू ते तू सांग. मी त्या शेगडीला हात लावू शकत नाही. तूच लावू शकतेस. मी तुला सप्टेंबरातच ये म्हटलं होतं.

मला बरं आहे. चर्चच्या स्वयंपाकघरातून कधी कधी आणते जेवण.

आई


१३ नोव्हेंबर

मिराबेला,

आज मला आधी सगळं लिहू दे, मग राग.

काल सकाळी इलिंकासाठी दूध घेऊन गेले. दार वाजवलं, कुणी उघडेना. ढकललं तर उघडलं. सावेता जमिनीवर बसली होती, पाठ पलंगाला, दोन्ही हात डोक्याला. माझ्याकडे बघितलं पण ओळखलं नाही. पोरगी पलंगावर, ओठ अगदी लाल, हलवलं तर मान कलंडली. शेगडीवर वीट, खाली पिवळी ज्योत, आणि छतावर काळा डाग कढईएवढा.

मी सिलेंडरचा नॉब बंद केला. ते मला येतं, नुसतं बंद करणं. मग पोरीला उचलून बाहेर बर्फात आणलं, आत जाऊन फावड्यानं खिडकी फोडली, कागदाच्या पट्ट्यांसकट. सावेताला काखेत धरून ओढलं. ती माझ्याहून दुप्पट आहे, तुला माहीत आहे. अंगणात इलिंकानं आधी ओकलं आणि मग रडायला लागली. ती रडली तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मी बर्फात बसले आणि तिच्याबरोबर रडले, आणि रडताना शिव्या दिल्या. तुला, दुकानदाराला, बाबांना, सगळ्यांना.

तालुक्याहून रुग्णवाहिका आली. दोघींना नेलं, तोंडाला नळ्या लावल्या, आज संध्याकाळी परत पाठवणार आहेत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अजून थोडा वेळ गेला असता तर पोरगी हाती लागली नसती.

गावात काय झालं ऐक. आन्का म्हणते, तोआदेरला शेगडी पसंत नाही, म्हणून तो पोरीला बोलवत होता. माझ्या तोंडावर म्हणाली. माझा नवरा, ज्यानं आयुष्यात कोंबडीला लाथ मारली नाही, तो लेकराला बोलवतोय म्हणे. मी तिला फाटकाबाहेर काढलं. बहिरी आहे, पण एवढं तिला ऐकू आलं.

आणि आता तुला एक सांगायचं आहे, ते तुला आवडणार नाही. पाद्रीबाबांनी मला सप्टेंबरात काहीही सांगितलं नव्हतं. मी त्यांना विचारलंच नव्हतं. देणाऱ्यानंच हात लावायचा, हा नियम मी केला. तू यावीस म्हणून केला. दुरुस्त झाली तर तू कशाला येशील, असं वाटायचं. एवढंच. पिवळी ज्योत मला दिसत होती, पोरीची मळमळ मला दिसत होती, आणि मी थांबले होते. हे मी कधी विसरणार नाही आणि तू मला विसरू देऊ नकोस.

काल दुपारी मी पाद्रीबाबांना पहिल्यांदा विचारलं. ते म्हणाले, "दोम्निका, तोआदेर असता तर त्यानं पहिल्याच दिवशी पाना काढला असता."

मग मी पाना काढायला गेले. तसबिरीमागची पिशवी घेतली, तुझं दीड पान घेतलं, चष्मा घेतला. सिलेंडर बंद आहे ना, दोनदा बघितलं. दार उघडं ठेवलं, खिडकी तर फोडलेलीच होती. जाळी काढली, बर्नरच्या टोप्या काढल्या, आत वाकून बघितलं तर तळाशी पितळेचं बटण, मधोमध भोक. सातचा पाना बसला. पहिलं नोझल निघेना, तेव्हा मी बाबांसारखीच त्याला शिवी दिली आणि ते निघालं. जुनं आणि नवं उजेडात धरून बघितलं. जुन्याचं भोक मोठं, नव्याचं अगदी सुईच्या टोकाएवढं. एवढ्याशा फरकासाठी एक लेकरू चाललं होतं.

चारही बर्नरची बदलली, ओव्हनचंही. नळीवरचं साल बघितलं, नवं आहे. साबणाचा फेस करून सगळ्या सांध्यांना लावला, सिलेंडर उघडला, बुडबुडे आले नाहीत. मग काडी ओढली. आधी काडी, मग गॅस. ज्योत आली निळी, बुटकी, बर्नरला धरून. मी तिच्याकडे किती वेळ बघत बसले मला माहीत नाही. भुवया शाबूत आहेत.

सावेताची वीट मी गटारात टाकली आहे. तिची सरपणाची सोय पाद्रीबाबा करणार आहेत, आणि तिच्या भिंतीत छताखाली आणि जमिनीजवळ हाताएवढी भोकं पाडायला उद्या माणूस येतोय. चिंध्या कोंबल्या तर मी तिचे हात मोडीन असं सांगून ठेवलंय. माझ्या घरातली जाड बुडाची पातेली तिला दिली, तुझा संच मी माझ्याकडे आणलाय कोंबड्यांना पाणी ठेवायला. बाबांना जाड बुडाची मिळाली असतील आता.

मग घरी आले. आणि आपली शेगडी पेटवली.

तू विचारलं नाहीस, पण सांगते. एप्रिलपासून मी ती पेटवलीच नव्हती. बाबा गेले त्या सकाळी त्यांनीच पेटवली होती, कॉफीसाठी, आणि मग त्यांनीच बंद केली. तो नॉब मला फिरवावासा वाटेना. उन्हाळा बाहेरच्या चुलीवर काढला, पावसात पाव-कांदा खाल्ला, आणि तुला मात्र आवडतो म्हणून लिहिलं. काल रात्री बाबांच्या कढईत मामालिगा केली, कड्यात बसवून, आणि गरम खाल्ली. एवढी जास्त केली होती की उरली.

आता त्या कड्याचं. सातचा पाना शोधताना बाबांच्या पेटीच्या तळाशी फडक्यात गुंडाळलेलं दुसरं कडं सापडलं. नवीन, घासून गुळगुळीत केलेलं. आपल्या शेगडीवर ठेवून बघितलं तर बसेना, तीन पाय जाळीच्या बाहेर जातात. कुणासाठी केलं ते मला कळेना. आज सकाळी गाव्रील पार्सलं गोळा करायला आला तेव्हा त्याला दाखवलं. त्यानं ते हातात फिरवून बघितलं आणि म्हणाला, "काकू, हे मी बोलायचं नव्हतं. काकांनी मला बजावलं होतं, बोललास तर गाडीची चाकं काढून घेईन."

मागच्या शरद ऋतूत बाबांनी त्याला स्टँडवर गाठलं आणि एक दोरा दिला. म्हणाले, इटलीत त्या घरी पार्सल द्यायला जाशील तेव्हा स्वयंपाकघरात शेगडीच्या जाळीचं माप घे, दोऱ्याला गाठी मार. आठवतंय तुला? गाव्रील तुझ्याकडे पाणी प्यायला आत आला आणि शेगडीवर दोरा धरून बसला. तू त्याला विचारलंस, वेड लागलं का. त्यानं काहीतरी थाप मारली. त्या गाठींवरून बाबांनी हे कडं केलं. ती तिकडं मामालिगा करत असेल तर कढई कलंडून भाजेल, असं गाव्रीलला म्हणाले. मला अवाक्षर नाही. द्यायचं कसं ते त्यांना सुचलं नसावं, आणि मग एप्रिल आला.

माझा राग कोणावर काढू? तो बोलून बसला आणि तू ऐकून बसलीस. एकाला दोरा पाठवता येतो, शब्द पाठवता येत नाही. दुसरीला शेगडी पाठवता येते, स्वतः येता येत नाही. आणि मधे मी, नियम बनवत बसले.

सगळं नीट झालंय, तुला बोलवायला आता माझ्याकडे काही कारण उरलं नाही. शेगडी निळी जळते. माझी पण. तरी ये.

गाव्रील म्हणाला, कडं मी नेतो. दिलं नाही. कढई पण देणार नाही, त्यांच्या सगळ्या वस्तू वाटल्या पण ती कुणाला दिली नाही. दोन्ही फाटकावरून देईन, मेणबत्ती लावून, हातातून हातात, आणि तू बोग्दाप्रोस्ते म्हणायचं. ते ड्रायव्हरबरोबर पाठवता येत नाही, हा नियम मी बनवलेला नाही. हा खरा आहे, पाद्रीबाबांना विचार.

त्यांनी सांगितलं होतं, मेलो तरी येऊ नकोस. जन्मभर त्यांचं काही ऐकलं नाहीस. हेही ऐकू नकोस.

आई